अधिकृत पादचारी

रस्ता रुंद झाला त्या दिवसापासून घड्याळजी आणि त्यांची ताई यांच्यातलं अंतर वाढलं. मनातलं नव्हे. मनातलं अंतर वाढवायला घरातली माणसं पुरेशी असतात, त्यासाठी रस्ते विभागाला कष्ट पडत नाहीत. हे अंतर निव्वळ डांबराचं होतं. घड्याळजी या बाजूला दुसऱ्या मजल्यावर राहत आणि ताई बरोबर समोर, तीही दुसऱ्या मजल्यावर. पूर्वी रस्ता असा होता की ताई आपल्या गॅलरीतून ओरडायची, "अरे, दूध उतू जातंय बघ तुमचं!" आणि घड्याळजींची बायको स्वयंपाकघरात धावायची. दूध खरोखरच उतू गेलेलं असायचं.

मग विभागाच्या लक्षात आलं की या रस्त्यावर वाहनं फार हळू चालतात. कारणं शोधता झाडं सापडली. झाडं काढली, पदपथ अर्धे केले, मधे दुभाजक घातला आणि दुभाजकात माणूस अंग चोरून जाईल एवढी एक फट ठेवली. वाहनांचा वेग वाढला. आता वेग फार वाढला आहे, असं विभागाच्याच लक्षात आलं. एकाच विभागाला एकाच रस्त्यावर दोनदा काम मिळावं, यापरतं नियोजन ते कोणतं!

घड्याळजींचं दुकान ताईच्याच इमारतीत खाली होतं. त्यामुळे ते रोज रस्ता ओलांडत. तळहात वर करायचा, डोळे बारीक करायचे, मनातल्या मनात सगळ्या घराची क्षमा मागायची आणि निघायचं, अशी त्यांची पद्धत होती. संध्याकाळी दुकान बंद केलं की ताईकडे चहा, मग पुन्हा हात वर करून घरी. वाहन त्यांनी कधी घेतलं नाही. यामागे तत्त्व वगैरे काही नव्हतं. तरुणपणी परवान्याच्या परीक्षेत त्यांनी परीक्षकाच्याच पायावर चाक घातलं होतं, तेव्हापासून तो विषय घरात कुणी काढत नसे.

ताईची गोष्ट वेगळी. आई लवकर गेली, तेव्हा हिनेच धाकट्या भावाला वाढवलं. शाळेत नेताना ती त्याचा हात धरत नसे, मनगट धरायची. हात सुटतो, मनगट सुटत नाही, असं तिचं म्हणणं. आता तिचे गुडघे गेले होते. गाडीत बसावं, तर तिला गाडी लागायची, तीही अशी की गाडीचं दार उघडल्याचा आवाज आला तरी पोटात ढवळायचं. त्यामुळे रस्ता रुंद झाल्यापासून ती भावाच्या घरी आली नव्हती. त्यात घड्याळजींना नात झाली. सून बाळाला गॅलरीत उभी राहून वर धरायची, ताई समोरून टाळ्या वाजवायची. बाळाला घेऊन तो रस्ता ओलांडायला सुनेने साफ नकार दिला होता आणि त्यात तिचं काही चुकत होतं असं कुणीच म्हणणार नाही.

"मला काही नको रे," ताई चहा देताना म्हणायची. "पोरगी आता पाऊल टाकायला लागेल. ती चालताना एकदा बघायचीय. मी माझ्या पायांनी येईन तुझ्याकडे. तेवढं कुणीतरी गाड्यांना जरा थांबायला सांगा."

"सांगतो," घड्याळजी म्हणायचे. आजवर त्यांनी कुणालाच काही सांगितलेलं नव्हतं. पण तेवढ्यात विभागाची नोटीस लागली: रस्त्याची पुनर्रचना करावयाची असून रहिवाशांनी पर्यायांवर मत द्यावे.

सभा रस्त्याच्या टोकाच्या सभागृहात होती. पदपथ मोकळे असावेत हा मुख्य मुद्दा असल्याने सगळ्यांनी आपापल्या गाड्या पदपथावर अगदी शिस्तीत, एका ओळीत लावल्या. सभागृहाच्या शेजारच्या इमारतीतले लोकसुद्धा गाडीने आले होते. पायी यायचं म्हणजे जिवाशी खेळ, असं ते म्हणाले, आणि याच कळकळीसाठी ही सभा होती.

सल्लागारबाईंनी पडद्यावर चित्र दाखवलं. चित्रातला रस्ता यांचाच होता, माणसं मात्र दुसरीकडून आणली असावीत. सगळी उंच, सडपातळ, हातात फुगे घेतलेली. गुडघा धरून चालणारं त्यांत एकही नव्हतं.

"पर्याय अ, गतिरोधक," बाई म्हणाल्या. "पर्याय ब, गाड्यांचा रस्ता अरुंद आणि पदपथ रुंद. पर्याय क, रस्ता ओलांडायला उंच पट्टा आणि मधोमध थांबायला सुरक्षित बेट. पर्याय ड, पादचारी पूल. पर्याय ई, आहे तसंच ठेवून योग्य तो फलक."

हाडांचे डॉक्टर ताडकन उभे राहिले. "गतिरोधकाने मणक्याचं पार वाटोळं होतं. माझा विरोध."

"डॉक्टर, मग पेशंट तुमच्याकडेच येतील की," मागून कुणीतरी म्हणालं.

डॉक्टरांनी क्षणभर विचार केला. "विरोध मागे घेतो," असं म्हणून ते बसले.

रहिवासी संघाचे अध्यक्ष हार्डवेअरवाले होते. त्यांनी पर्याय ब उचलून धरला. "पदपथ रुंद झालाच पाहिजे. माझे पाइप सध्या कसेबसे मावतात." बेटाबद्दल कुणीतरी विचारलं की तिथे गाडी लावता येईल का. पुलाला कुणाचाच विरोध नव्हता, कारण पुलावर कुणालाच चढायचं नव्हतं. गतिरोधक हवेत यावर एकमत झालं आणि कुणाच्याही दारासमोर नकोत यावरही झालं. घोडं तिथेच अडलं.

तेव्हा विभागाचे साहेब घसा खाकरून म्हणाले, "नियमाप्रमाणे रस्ता वापरणाऱ्या प्रत्येक वर्गाचा प्रतिनिधी समितीवर लागतो. मोटारवाले आहेत, दुचाकीवाले आहेत, मालवाहतूक आहे. पादचारी कोण?"

सभागृहात शांतता पसरली. कुणीतरी घसरून पडल्यावर 'कुणी सांडलं इथे पाणी?' असं विचारलं की घरात पसरते, तशी. लोक एकमेकांच्या पायांकडे पाहू लागले. मग हळूहळू सगळ्या नजरा शेवटच्या रांगेतल्या एका धुळीने भरलेल्या चपलांच्या जोडीवर येऊन थांबल्या.

"घड्याळजी!" अध्यक्ष आनंदाने ओरडले. "अहो, तुम्ही तर खानदानी पादचारी!"

घड्याळजींनी आयुष्यभर लोकांना वेळ दाखवली होती. त्यांच्यावर अशी वेळ प्रथमच आली होती. टाळ्या झाल्या. साहेबांनी हात मिळवला. आठवड्याभरात त्यांच्या गळ्यात फोटोसह ओळखपत्र आलं, 'अधिकृत पादचारी'. त्या रात्री ते ओळखपत्र गळ्यात घालूनच जेवायला बसले. बायको म्हणाली, "अहो, आमटीत बुडतंय ते." ते म्हणाले, "बुडू दे, त्यावर प्लास्टिक आहे."

दुसऱ्या दिवशी त्यांनी ताईला ओळखपत्र दाखवलं. ताईने चष्मा लावून ते दोनदा वाचलं आणि तिचे डोळे भरून आले. "आता मी येणार बघ तुझ्याकडे," ती म्हणाली. "तू असल्यावर काय काळजी! बेटाचा तो पर्याय आहे ना, तो घे. मधे थांबून दम खाता येईल मला."

"क," घड्याळजी म्हणाले. "पर्याय क. झालाच समज."

आणि ते मनापासून म्हणाले, हे इथे मुद्दाम सांगायला हवं. त्या दिवशीचे घड्याळजी खोटे नव्हते.

पहिल्या बैठकीत अध्यक्षांनी एक शंका काढली. प्रक्रिया चालू असताना अधिकृत पादचाऱ्याला याच रस्त्यावर काही झालं तर? साहेबांनी नियमांचं पुस्तक चाळलं. तसं झालं तर प्रतिनिधित्व खंडित होतं आणि सगळी प्रक्रिया पहिल्यापासून सुरू करावी लागते. शिवाय ज्या रस्त्याच्या सुरक्षिततेसाठी समिती नेमली, त्याच रस्त्यावर समितीचा सदस्य गेला, तर लोक काय म्हणतील? एकमताने ठराव झाला: अधिकृत पादचाऱ्याने प्रक्रिया पूर्ण होईपर्यंत सदर रस्त्यावर पायी चालू नये.

"मग मी दुकानात जाऊ कसा?" घड्याळजींनी विचारलं.

"गाडी मिळेल," साहेब म्हणाले. "ड्रायव्हरसकट."

आता घरासमोरून दुकानासमोर जायचं, तर मधे दुभाजक. गाडी आधी थेट मोठ्या चौकापर्यंत जायची, तिथे वळायची आणि पलीकडच्या बाजूने परत यायची. पूर्वी चपला घालायला जेवढा वेळ लागे तेवढ्यात दुकानात पोहोचणारे घड्याळजी आता वर्तमानपत्र संपवून पोहोचत. पहिले काही दिवस ते ड्रायव्हरला "राहू दे रे, दार मी उघडतो" असं म्हणाले. मग म्हणायचे थांबले. नंतर दार उघडायला उशीर झाला की काचेवर अंगठीने टकटक करू लागले.

ताईकडचा चहाही अडला. दुकानापाशी गाडीने त्यांना सोडायचं आणि न्यायचं, तेही भराभर, कारण अभ्यास नीट व्हावा म्हणून विभागाने त्या सगळ्या पट्ट्यात थांबायला मनाई केली होती. दुकान बंद व्हायच्या ठोक्याला गाडी यायची; तेव्हा जिना चढून ताईकडे जावं, तर गाडी खाली उभी राहणार कशी? ती उभी राहिली की मागचे हॉर्न देत. मग घड्याळजी खालूनच हात करून निघत. ताई वरून म्हणायची, "अरे, चहा टाकलाय!" ते मनगटावरच्या घड्याळाकडे बोट दाखवायचे. घड्याळं दुरुस्त करणाऱ्या माणसालाच वेळ नाही, हे या रस्त्याने प्रथमच पाहिलं.

पुढची पायरी म्हणजे पादचारी गणना. किती लोक रस्ता ओलांडतात हे मोजल्याशिवाय सोय करता येत नाही. विभागाची दोन माणसं छत्री लावून खुर्च्या टाकून बसली. रस्ता ओलांडण्याची हिंमत असलेला परिसरातला एकमेव माणूस म्हणजे घड्याळजी. त्यांना मनाई होती. संख्या शून्य आली.

"म्हणजे मागणीच नाही," सल्लागारबाई म्हणाल्या.

"अहो, पण माझी ताई रोज कडेला येऊन उभी असते," घड्याळजी म्हणाले. अजून ते एवढं बोलत होते.

बाईंनी तक्ता पाहिला. "हो, त्यांची नोंद आहे. पण त्या ओलांडत नाहीत, नुसत्या उभ्या असतात. चालत नाही तो पादचारी कसा? त्यांना आम्ही 'स्थिर अडथळा' या रकान्यात घेतलंय."

"अडथळा?"

"स्थिर," बाई समजुतीच्या सुरात म्हणाल्या. "त्या पळाल्या वगैरे तर वेगळा रकाना लागतो."

घड्याळजींना हे लागलं. गाडीत बसेपर्यंत लागलं होतं. गाडी सुरू झाली आणि गारवा सुटला, तेव्हा आपण एवढं मनाला लावून घ्यायला नको होतं, असं त्यांना वाटू लागलं. शेवटी पद्धत ही पद्धत असते.

मधल्या काळात विभागाने चाचणी म्हणून पर्याय क रंगाच्या डब्यांनी आणि प्लास्टिकच्या शंकूंनी तात्पुरता उभा केला. खरं सांगायचं तर तो उत्तम चालला. गाड्या मंदावल्या. ताई काठी टेकत निम्म्या रस्त्यापर्यंत, त्या शंकूंच्या बेटापर्यंत आली, तिथे दम खायला थांबली आणि वर बघून सुनेला ओरडून म्हणाली, "पोरीला चप्पल घालून ठेव, मी आलेच!" नेमक्या त्याच वेळी घड्याळजींची गाडी, समितीच्या बैठकीला उशीर झालेली, त्या शंकूंच्या मागे गाड्यांच्या रांगेत खोळंबली होती. रांगेमुळे त्यांना पुढचं काही दिसलं नाही. "काय कटकट लावलीय ही!" असं ते म्हणाले. ड्रायव्हरने हॉर्न दिला, मागच्याने दिला, त्याच्या मागच्याने दिला. बेटावर उभी असलेली ताई त्या आवाजाने बावरली, आली तशी मागे फिरली. सून चप्पल हातात घेऊन गॅलरीत उभी राहिली.

बैठकीत चाचणीवर मतं मागवली. सगळ्यांचा एकच सूर, उशीर होतो. "किती उशीर?" साहेबांनी विचारलं. आकडा कुणालाच सांगता येईना. सगळे वेळेच्या जाणकाराकडे वळले.

घड्याळजींनी घसा साफ केला. ते बोलायला उठले तेव्हा त्यांना खरोखरच वाटत होतं की आपण पादचाऱ्यांच्या वतीने बोलतो आहोत. "हे पाहा," ते म्हणाले, "मी स्वतः जन्मभर पायी चाललेला माणूस. चालणाऱ्याचं दुःख मला कुणी शिकवू नये. पण चालणाऱ्याला घाई नसते. घाई असती तर तो चालला असता का? उलट गाडीतल्या माणसाला कुठेतरी पोहोचायचं असतं. तेव्हा बेट वगैरे घालून दोघांचेही हाल करण्यापेक्षा पादचाऱ्याला आपण आदर द्यावा. आदराला रस्त्यात जागा लागत नाही."

काय टाळ्या पडल्या म्हणता! हार्डवेअरवाल्यांनी पाठ थोपटली. डॉक्टरांच्या डोळ्यांत पाणी आलं. साहेबांनी इतिवृत्तात लिहून घेतलं की पर्याय ई पादचाऱ्यांच्या मागणीवरून स्वीकारण्यात येत आहे. फलकाचा मजकूरही जागेवरच ठरला: 'पादचाऱ्यांचा आदर करा'.

घरी गेल्यावर बायकोने विचारलं, "क चं काय झालं हो?"

"ई झालं," ते म्हणाले.

"वन्संना काय सांगणार?"

"सांगू की. प्रक्रिया असते, तिला समजत नाही." मग लगेच म्हणाले, "तू सांग." नात भिंतीला धरून उभी होती. तिने भिंत सोडली, पाऊल टाकलं, दुसरं टाकलं आणि आजोबांच्या पायाशी येऊन धप्पकन बसली. सगळे हसले. सुनेने सवयीने समोरच्या गॅलरीकडे पाहिलं.

फलक मोठा निघाला. आदर दुरून दिसला पाहिजे, म्हणून अक्षरं मोठी, अक्षरं मोठी म्हणून पाटी मोठी, पाटी मोठी म्हणून खांब दोन आणि दोन खांबांना सिमेंटचा चौथरा. गाड्यांच्या रस्त्यावर तो उभारणं शक्यच नव्हतं, म्हणून तो पदपथावर उभारला, ताईच्या इमारतीच्या दारापाशी. त्याने पदपथ या टोकापासून त्या टोकापर्यंत भरून गेला. आता फलकाच्या पलीकडे जायचं, तर पदपथाखाली उतरून गाड्यांतून वळसा घालावा लागे. लोकांनी तक्रार केली नाही. तिथून चालतं कोण?

अनावरणाच्या दिवशी घड्याळजींना उशीर झाला. चौकात गर्दी होती, प्रमुख पाहुणे येऊन थांबतील, सत्कार आपला आहे आणि आपणच नाही, हे त्यांना सहन होईना. चौकातून वळून गाडी पलीकडच्या बाजूला लागली आणि मोकळ्या रस्त्यावर सुसाट निघाली. पुढे, मंडपाच्या थोडं अलीकडे, पदपथाखाली उतरून एक म्हातारी काठी टेकत, गाड्यांकडे पाठ करून उभी होती.

"साहेब, मधेच आहे कुणीतरी. थांबू?"

"इथे थांबायला मनाई आहे," घड्याळजी म्हणाले. "दे हॉर्न. घरी बसायला काय होतं या म्हाताऱ्या माणसांना!"

ड्रायव्हरने हॉर्न दिला. म्हातारी दचकली, मागे सरली, चौथऱ्याला पाठ लावून उभी राहिली. गाडी तिच्या पदराला वारा घालत निघून गेली. तेवढ्यात काचेतून तिचा चेहरा दिसला. एका हातात काठी होती. दुसरा हात पुढे आलेला होता, बोटं अर्धवट मिटलेली, एखाद्या लहान पोराचं मनगट धरावं तशी.

घड्याळजींनी तोंड उघडलं. मागच्या काचेकडे ते वळले, हे खरं. पण गाडी तोवर मंडपापाशी पोहोचली होती, दार उघडलं गेलं होतं आणि गळ्यात हार पडत होता. प्रमुख पाहुणे अजून आलेच नव्हते. घड्याळजी व्यासपीठावरच्या खुर्चीत बराच वेळ नुसते बसून राहिले. मग पाहुणे आले, पडदा बाजूला झाला, आणि घड्याळजींनी पादचाऱ्यांच्या सन्मानावर जे भाषण केलं ते लोक अजून आठवतात. आवाज दोनदा दाटून आला. लोकांना वाटलं, केवढी तळमळ!

संध्याकाळी ताईचा फोन आला. घड्याळजींनी तो बराच वेळ वाजू दिला, मग उचलला.

"पोहोचलास का रे वेळेवर?" ताईने विचारलं.

"हो."

"मग झालं." ती म्हणाली. "मी म्हटलं, तुझा कार्यक्रम बघून तसंच पलीकडे जाऊन पोरीला बघून यावं. पण तो खांब आहे ना मधे. वळसा घालताना गडबड झाली. तुझी गाडी होती का रे ती?"

"कुठली?" घड्याळजी म्हणाले.

"नाही, असू दे," ताई म्हणाली. "हॉर्न फार मोठा होता."

फलक अजून तिथेच आहे. विभागाच्या अहवालात हा रस्ता आदर्श ठरला आहे, कारण तिथे एकाही पादचाऱ्याला अपघात होत नाही, पादचारीच नाहीत. तुम्ही त्या रस्त्याने कधी गेलात तर फलकापाशी पदपथाखाली उतरून उभी असलेली म्हातारी तुम्हालाही दिसेल. थांबायचं काही कारण नाही, मनाईच आहे. तुम्हालाही कुठेतरी पोहोचायचं असणार. हॉर्न द्या, ती मागे सरते. घाईत असलेल्या माणसांचा तिला राग येत नाही. त्यातला एक तिने स्वतः मनगट धरून मोठा केला आहे.